ब्रेकरच्या डोहावरची बर्निस हुडाक

बर्निस हुडाक जन्मली तेव्हा त्या नदीत मासा नव्हता. ससक्वेहाना त्या काळी काळी वाहायची. वरच्या अंगाला कोळसा फोडायचा अवाढव्य कारखाना होता. सगळे त्याला ब्रेकर म्हणत. त्याचं धुवण सरळ पात्रात यायचं. बर्निसचा बाप खाणीत, आजा खाणीत, आणि घरातल्या बायका कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसून घेत. पुढे खाणी बंद पडल्या, ब्रेकर पाडला, पोरंबाळं फिलाडेल्फियाकडे पांगली, आणि कुणाचं लक्ष नसताना पाणी निवळत गेलं. त्या निवळलेल्या पाण्यात बास मासा आला. तांबूस-हिरव्या अंगाचा, लाल डोळ्यांचा. दिसायला हातभरही नाही, पण गळाला लागला की खांदा उखडेल असा ओढणारा.

बर्निस तोवर बायकांचे झगे शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होती. तिथला संप झाला तेव्हा ती फाटकासमोर बर्फात उभी राहिली होती, आणि मालकाची गाडी येताना बाकीच्या बाजूला झाल्या तरी ही हलली नव्हती. गाडीला थांबावं लागलं. ही गोष्ट गावात अजून सांगतात. ती स्वतः कधी सांगत नाही. कारखाना गेला, मग नवरा स्टीव्हही गेला. त्याच्या मासेमारीच्या काठ्या आणि रिळं घरात होती. एका रिकाम्या दुपारी ती त्यातली एक घेऊन नदीवर गेली आणि मग जातच राहिली.

गावातल्या इतरांना बासची शिकार म्हणजे उन्हाळा, बिअर आणि उघडी पाठ. बर्निसचा मोसम मेपलची पानं झडली की सुरू व्हायचा. पाणी गार पडलं की बास उथळातून निघून खोल, संथ जागी गोळा होतो. हिवाळा काढायचा म्हणून खातो, पण आमिषामागे धावत नाही. ते त्याच्या नाकासमोरून, तळाला घासत, अगदी सावकाश न्यावं लागतं. असे गळ ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर हरणाच्या शेपटीचे केस गुंडाळून बांधायची. आणि मैलोगणती नदीत असे मासे गोळा होण्याची सगळ्यात चांगली जागा एकच होती, ब्रेकरचा डोह.

त्या डोहावरची जमीन व्हिटकॉम नावाच्या माणसानं घेतली. शहरातून आलेला, साठीच्या आतला, बोलायला मऊ. त्यानं काचेचं घर बांधलं आणि नदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर साखळी लावली. पाटीवर लिहिलं होतं, खाजगी. गावकऱ्यांनी क्लबात बसून दोन दिवस शिव्या घातल्या आणि दुसरीकडे मासे धरायला सुरुवात केली. बर्निसचा जुना सोबती, निवृत्त पोस्टमन जो पास्टर्नाक, तोही गेला. तिला म्हणाला, सोडून दे, नदी काय एवढीशी आहे का.

तिनं सोडलं नाही. आधी रीतसर अक्रोडाचा गोड रोल भाजला आणि व्हिटकॉमच्या दारात गेली. त्यानं नीट ऐकून घेतलं. मागे कुणीतरी काठावर शेकोटी पेटवली होती, बाटल्या फोडल्या होत्या, उद्या कुणी घसरून पडलं तर दावा माझ्यावर, असं त्यानं सांगितलं. सफाई मी करीन, ती म्हणाली. तो नाही म्हणाला. रोलचं ताट तिच्या हातातच होतं. ते तिनं तसंच घरी आणलं आणि जेवणानंतर एकटीनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती पुलाजवळ गाडी लावून खाली उतरली. पूल सरकारचा, पात्र सरकारचं. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून ती काठाकाठानं, पण पाण्यातून, प्रवाहाविरुद्ध चालत डोहापर्यंत गेली. व्हिटकॉमनं खिडकीतून पाहिलं आणि फोन केला. मासेमारी खात्याचा टेरी आला. त्याची आई एके काळी बर्निसच्या शेजारच्या मशीनवर बसायची.

"मिसेस हुडाक, पाय कुठे आहेत तुमचे?" त्यानं काठावरून विचारलं.

"पाण्यात."

"जाताना पण पाण्यातच राहू द्या," तो म्हणाला, आणि व्हिटकॉमला समजवायला वर गेला.

मग ती रोज यायला लागली. नोव्हेंबर सरत आला, तसा पाण्याचा गारवा विजारीतून हाडात शिरायचा. काठीवर दोरा ओवायच्या कड्यांत बर्फ धरायचा, तो ती तोंडाच्या वाफेनं वितळवायची. मुलगी फोनवर रागावली की ती हो हो म्हणायची.

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी एकदा बर्फाच्या कणांचा भुरभुरता पाऊस पडत असताना व्हिटकॉम छत्री घेऊन काठावर आला. काही बोलणार तेवढ्यात तिच्या दोऱ्याला झटका बसला. मासा मोठा होता. तो खाली प्रवाहात पळाला, ती त्याच्यामागे वळली आणि शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय गेला. ती गुडघ्यावर आपटली. पाणी विजारीच्या कडेवरून आत शिरलं आणि श्वासच अडकला.

व्हिटकॉमनं छत्री टाकली, खाली वाकून हात पुढे केला. "हात द्या. वर या, गोठाल."

"ती जमीन तुमची आहे," बर्निस म्हणाली.

एका हातानं दगड धरून ती उठली. पहिल्यांदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. काठी दुसऱ्या हातात वाकलेलीच होती. मासा अजून होता. तिनं तो सावकाश दमवला, जवळ आणला, खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलला. एवढा बास तिनं कधी धरला नव्हता. व्हिटकॉमला तिनं तो दाखवला नाही. स्वतः पाहून घेतला आणि पाण्यात सोडून दिला.

व्हिटकॉमचा आवाज उतरला होता. तो म्हणाला की उद्यापासून तिनं पायवाटेनं यावं, साखळीची किल्ली तो तिला देईल.

"मला एकटीला?"

"तुम्हाला. बाकीच्यांना मी ओळखत नाही."

"मग ओळख करून घ्या," ती म्हणाली. दात वाजत होते, तरी ती बोलत राहिली. "नदी काळी होती तेव्हा इथं कुणी पाटी लावली नाही, मिस्टर व्हिटकॉम. तेव्हा ती आमच्या गळ्यात होती. आता निवळली तर तुमची झाली?"

 ती वळली आणि आली तशी पाण्यातूनच पुलाकडे निघाली. ते अंतर तिला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. पुलाखाली पोचली तेव्हा बोटांना गाडीची किल्ली धरवेना. नशिबानं जो पास्टर्नाक तिकडून चालला होता. त्यानं तिला आपल्या ट्रकमध्ये कोंबलं, हीटर लावला आणि घरापर्यंत शिव्या दिल्या. मेली असतीस तर मी स्टीव्हला काय तोंड दाखवलं असतं, असंही म्हणाला. तिनं साखळीची किल्ली नाकारल्याचं ऐकल्यावर मात्र त्यानं हीटर आणखी वाढवला.

त्या शनिवारी ती पुन्हा पुलाखाली उतरली तर जो आधीच तिथं उभा होता. ठिगळ लावलेल्या विजारीत. तू बुडतेस का ते बघायला आलोय, म्हणाला. पुढच्या आठवड्यात आणखी तिघं आले, त्यात कारखान्यातली एक जुनी सोबतीणही होती. नदीच्या कडेला बर्फाची साय धरेपर्यंत डोहात माणसं पाण्यात रांगेनं उभी असायची, आणि वर काचेच्या घरात दिवा लागलेला असायचा.

व्हिटकॉमनं साखळी काढली नाही. फोन करणं मात्र बंद केलं. बर्निसचा गुडघा त्या पडण्यानंतर कधी पुरता बरा झाला नाही. डॉक्टर म्हणतात, गार पाण्यात जाऊ नका. ती त्यांच्यासमोर मान डोलावते. घरी आल्यावर गुडघ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळते, वर विजार चढवते, आणि जोला फोन करून विचारते, पाणी कसं आहे रे आज?