सगुणाबाईचा उजवा डोळा

मिरचीची कळी उकलावी तर सगुणाबाईनंच, असं पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातल्या बाया म्हणायच्या, आणि बाया दुसऱ्या बाईची तारीफ उगाच करत नसतात. बियाण्याच्या मिरचीचं काम मोठं नाजूक. मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उकलायची, आतले पुंकेसर एकूणएक काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नराचा पराग लावायचा. पुंकेसर आत राहून गेले तर बी भेसळीचं निघतं आणि कंपनी सगळा माल नापास करते. कळी केवढी, तर हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. सगुणाबाईच्या ओळीत कधी खोट निघाली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर तिनं जवळचा चष्मा घेतला, तेवढाच काय तो वयाला दिलेला मान.

शेडनेट तिच्याच मुलाचं, कल्याणचं. जाळी आली, ठिबक आलं, फवारणीचा पंप आला, कंपनीच्या साहेबाला बसायला खुर्ची आली. दिवसभर इथं बाया राबणार, त्यांनी लघवीला जायचं कुठं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. पूर्वी तुरीचा आडोसा असायचा. आता चहूकडं गुडघाभर सोयाबीन, शेजारून मोटारसायकलींचा रस्ता आणि घर पार गावाच्या त्या टोकाला. बायांनी यावर बायकी तोडगा काढला, तो म्हणजे पाणीच प्यायचं नाही. सगुणाबाईनं त्यावरही कडी केली. तिला बीपी होतं, आणि बीपीची गोळी घेतली की घडीघडी जावं लागायचं. म्हणून हंगाम सुरू झाला की तिची गोळी बंद. पाकिटं सुईदोऱ्याच्या डब्यात पडून राहत. डोकं ठणकलं की ती कपाळाला फडकं आवळून बांधायची आणि कामाला लागायची.

भादव्यातल्या एका सकाळी तिनं कळी चिमट्यात धरली आणि कळीचा मधला भागच तिला दिसेना. कडा दिसत होत्या, मध्ये धुरकट डाग. तिनं चष्मा पदरानं पुसला, डोळे चोळले, एक डोळा झाकला, मग दुसरा. डावा ठीक होता. उजव्यात धूर बसला होता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, कारण दुखल्याशिवाय आपल्याकडं कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. रामकिसनचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी शिबिरात निघाला होता, तेव्हापासून तो गावाचा बिनपगारी डोळ्यांचा डॉक्टर. त्यानं तिला उजेडात उभं केलं, पापणी वर ओढली आणि निकाल दिला.

"मोतीबिंदू हाय. माझा बराबर असाच आल्ता. आत्ता कच्चा हाय, कच्च्याला हात लावायचा न्हाई बिलकुल. पिकू दे. दिवाळीनंतर शिबिर लागतंय, तव्हा काढू."

"पर एका रातीत येतो का मोतीबिंदू?"

"एका रातीत दिसला. आतून आधीच आल्ता."

तिला पटलं, कारण तिला पटवून घ्यायचंच होतं. हंगाम ऐन भरात होता, आणि पिकेपर्यंत थांबणं हे काही शेतातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, इथं तर बंबच निघाला नाही. ती डाव्या डोळ्यावर काम रेटत राहिली आणि रामकिसन अधूनमधून विचारत राहिला, "पिकला का गं?"

दिवाळी झाली आणि डोळा लाल झाला. मग असा दुखायला लागला की तिला अर्धं डोकं कुणी दगडानं ठेचतंय असं वाटायचं. उलट्या झाल्या. शिबिराला चार दिवस होते, तेवढेही तिनं दात खाऊन काढले. शिबिरातल्या पोरसवदा डॉक्टरनं बॅटरी मारली आणि त्याचा चेहराच उतरला. "मावशी, हा मोतीबिंदू नाही. आजच्या आज जालन्याला जा."

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून डोळा आतून तपासला, दाब मोजला, बीपी मोजलं. मग समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्याकडून रक्त परत नेणारी मोठी नस गुठळीनं बंद झाली. रक्त अडलं, पडद्यात पाझरलं, सूज आली.

"म्हंजी पाणी काढून द्यायचा चर बुजला आन् वावर चिबडलं," रामकिसन म्हणाला.

"तसंच. पुढं पडद्याला नीट रक्त मिळेना, म्हणून डोळ्यानं नव्या, कच्च्या नसा फोडल्या. त्यांनी डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद केली आणि दाब वाढला. म्हणून एवढं दुखतंय."

"मंग जल्दी काढा ना ते."

"थेंब देते, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, लेसर करावं लागेल. दुखणं उतरेल. नजर परत येणार नाही."

रामकिसननं विचारलं, "अन् पहिल्यांदाच आणलं असतं तर?"

"इंजेक्शनांनी सूज उतरवता आली असती. सगळी नाही, पण बरीच नजर वाचण्याची आशा होती." बाई सगुणाबाईकडं वळल्या. "बीपीची गोळी घेता का रोज?"

"घेते की."

"मग बीपी एवढं कसं?"

सगुणाबाईनं मान खाली घातली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला पोरगा. डॉक्टरीणबाईंनी दोघांकडं पाहिलं आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर सगुणाबाईनं सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाणीही पीत नव्हता? बीपी चढलेलं, वर पाणी नाही, अशानंच नसेत गुठळी होऊ शकते," त्या म्हणाल्या.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर सगुणाबाईच्या सुनेला, मीनाला, ऐकूनच घाम फुटला होता. सगुणाबाईला सुई येताना दिसली नाही. त्या डोळ्याला दिसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जालन्याच्या खेपा झाल्या, लेसर झालं, दुखणं उतरलं. डावा डोळा जपायचा तर गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं बाईंनी बजावलं. बाहेर बसलेल्या रामकिसनला मात्र एकच कळलं होतं, की आपण 'पिकू दे' म्हणालो आणि बायकोचा डोळा गेला. त्यानं पारावर बसणं सोडलं. कुणी डोळ्याचं दुखणं घेऊन आलं तर तो उठून आत जायचा. जेवताना तिच्या ताटाकडं बघायचा, तोंडाकडं बघायचा नाही. सगुणाबाईला ते दिसत होतं, आणि तरी तिच्या तोंडून खरं निघत नव्हतं. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता.

पुढच्या हंगामात ती पुन्हा शेडनेटमध्ये उतरली. एका डोळ्याला लांब-जवळ कळत नाही. चिमटा कळीच्या अलीकडंच मिटायचा, नाहीतर कळीच तुटायची. तरी तिनं नेटानं ओळ पुरी केली. दुपारी पाठ मोकळी करायला वळली तर मागं मीना वाकलेली. सासूनं उकललेली एकेक कळी तपासून राहिलेले पुंकेसर गुपचूप काढत होती.

"कव्हापासून करून राह्यली हे?"

मीना दचकली. "आत्याबाई, उगं नजर मारली आपली..."

सगुणाबाईनं चिमटा तिच्या हातात दिला आणि बाहेर बांधावर येऊन बसली. तिथं दुर्गाबाई होती, तिच्याच वयाची, कपाळाला फडकं बांधलेली. दुर्गाबाईलाही बीपी होतं.

"गोळी घेतली का गं आज?"

"हंगामात कुठं? तुला म्हाईत न्हाई का?" दुर्गाबाई हसली.

सगुणाबाई तडक घरी गेली. रामकिसन ओसरीवर बसला होता. "चार बांबू घ्या आन् चला," ती म्हणाली. "कशाला" म्हटल्यावर तिनं सगळं सांगितलं. गोळीचं, पाण्याचं, सुईदोऱ्याच्या डब्याचं.

"मला एका शब्दानं सांगायचं व्हतंस!"

"काय सांगायचं? मुतायला जागा न्हाई म्हून?"

त्यानं बांबू खांद्यावर घेतले. शेडनेटच्या मागच्या कोपऱ्यात त्यानं खड्डे घेतले, बांबू रोवले. तिनं तिचं जुनं लुगडं भोवती गुंडाळलं. वरातीमागून घोडं आलं होतं, आणि यायला वेळ किती लागला, तर चुलीवरचा चहा उतरायच्या आत काम झालं. रामकिसन उभ्या आडोशाकडं बघत राहिला.

"एवढंच लागत व्हतं का गं?"

"एवढंच."

ती लुगड्याची शेवटची गाठ मारायला वाकली. तिचा हात दोनदा बांबूच्या शेजारून रिकामा गेला. तिसऱ्यांदा त्यानं तिचा हात धरला आणि बांबूवर ठेवला.