झडतीमामाचा नियम

झडतीमामाचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जायचा आणि त्याचा त्याला मोठा गर्व होता. पोळ्याला गावातले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहिले, की हा कमरेवर हात ठेवून झडत्या म्हणायला लागे. झडती म्हणजे यमकातला टोमणा. त्या दिवशी पाटील असो की पोलीस, कुणाचंही बिंग फोडावं आणि कुणी रागावू नये, अशी आमच्या कोंढा गावाची रीत. शेवटी सारं गाव ‘हर हर महादेव’ असं ओरडे, की बैलही बिचकत.

त्याचा एक नियम होता. पानाची पिंक टाकून तो सांगे, “ज्याच्यावर झडती हाणाची, तो समोर पाह्यजे. त्यालेबी तोंड हाये नं!” मी बैलबाजारातला दलाल. दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवताना मी बापालाही फसवीन, अशी झडती त्याने एकदा माझ्यावर केली. मी उलटवली, की मामा आपल्या म्हाताऱ्या बैलाचे दात कुणाला दाखवत नाही. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

आणीबाणीत सारे गप्प होते, तेव्हा नसबंदीच्या शिबिरावर झडती म्हणणारा हा एकटाच. शिबिराचा साहेब समोर खुर्चीवर बसलेला. पोलीस मामाला घेऊन गेले. सुटून आला तेव्हा मीच त्याला खांद्यावर बसवून गावभर फिरवलं. त्या खांद्याची मला आजही चीड येते.

पुढे माझ्या बहिणीचं, शांताचं लग्न आसगावला ठरलं. व्याही पोळा पाहायला आले, माझ्या शेजारीच उभे होते. मामा रंगात आला:

“दलालाची बहीन दवाखान्यात जाते,
ताप नाही आंगाले, मंग कोनाले पाह्यते!”

लोक खदखदून हसले. शांता आईच्या दम्याचं औषध आणायला जायची, हे मामालाही ठाऊक होतं. मी ओरडून सांगितलं, पण हशात कोण ऐकतो? बाया तोरणाखाली येत नाहीत. शांता घरी बैलांसाठी आरतीचं ताट घेऊन उभी होती. व्याही न जेवता गेले. मागून नकार आला.

मी मामाचं घर गाठलं. “मामा, आसगावले चाल. खोटं होतं म्हन, बस.”

“अरे, गंमत होती ते. पोळ्याची गोष्ट कोनी मनावर घेते काय?”

“त्यायनं घेतली नं!”

“आज माफी मांगली, तं उद्या माही झडती कोन आयकन?”

मी त्याच्या ओट्यावरचा पाण्याचा गडवा भिरकावला आणि निघालो. जन्मभर सौदे केले, अडेलातला अडेल बैलवाला वाकवला. या माणसाकडून एक शब्द काढता आला नाही.

शांताला लांबच्या गावी बिजवराला द्यावं लागलं. ती माहेरी आली, की मामा तिला पाहून गल्ली बदलायचा. ती एवढंच म्हणे, “दादा, मले तं कोनी इचारलंच नाही.”

मामा वारला, तेव्हा तोरणाच्याच जागी शोकसभा भरली. जो तो म्हणे, एवढा निर्भय माणूस पुन्हा होणार नाही. मी उठलो. “एका बाईले पाहून तो गल्ली बदलत होता,” म्हणालो आणि शांताची सारी हकीकत सांगायला लागलो.

सरपंचाने माझा हात धरला. “बस कर, दलाल. गेलेल्या मानसावर असं बोलू नये. त्याले आता उत्तर देता येते काय?”

“हा नियम तं मामाचाच होता,” मी म्हणालो आणि हात सोडवून घेऊन बोलतच राहिलो.