तांबडे पाणी आणि पांढरा कोप

नळाला तांबडे पाणी आले, तर ते कुठे तांबडे झाले हे कसे ठरवावे? या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे योजले होते. पण शांतारामला वगळून ते लिहिता येत नाही. नळाच्या पाण्याची व्यवस्था पाहणारा हा माझा वर्गमित्र गेल्या महिन्यात गेला. निरोप आला तेव्हा मी नळाखाली पांढरा एनॅमलचा कोप, म्हणजे पेला, धरून उभा होतो... सवय त्याचीच.

जत्रेआधी आमच्या गावात घरोघर हंडे, पिंपे भरून ठेवतात. एका वर्षी ऐन वेळी मुख्य नळ फुटला. दुरुस्ती झाली, आणि दुसऱ्या सकाळी गावभर विटकरी पाणी. आमच्या या डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडे म्हणजे खाणीचे लोहखनिज, हे कुणाला शिकवावे लागत नाही. खाणीनेच पाणी नासवले म्हणत पाळी गावाकडच्या रस्त्यावर लोकांनी खनिजाचा ट्रक अडवला. आत सावंतवाडीकडचा ड्रायव्हर काच वर करून बसलेला, बाहेर एकाच्या हातात धोंडा. शांताराम मध्ये जाऊन उभा राहिला.

"माका थोडो वेळ देया. पाणी खंय तांबडा जाता, ता आदी बघूया."

"तू खाणवाल्यांचो जावय काय रे?" धोंडेवाल्याने विचारले.

"जावय आसतंय तर ह्या उनात उबो रवलंय नसतंय."

कोणी हसले नाही. त्याने दोन पांढरे कोप मागवले. एक टेकडीवरच्या टाकीतून, दुसरा देवळामागच्या नळावरून भरून आणवला. टाकीचे पाणी नितळ होते, नळाचे तांबडे. म्हणजे ते वाटेतच तांबडे झाले होते. दुरुस्तीनंतर रिकाम्या नळात पाणी हळू सोडावे लागते, असे त्याने समजावले. एकदम सोडले की आत साचलेला गंज उठतो.

"मग एकदम सोडल्यान कोणी?"

शांतारामने हातातला कोप खाली ठेवला. "मियाच. जत्रा म्हणान तुमी घाई केलात, आनी मिया ऐकलंय."

आता धोंडा कोणाकडे वळणार, कळेना... शेवटी तो रस्त्याकडेला पडला. ट्रक हळूच निघून गेला. शांताराम मात्र जत्रेला न जाता गावटोकाचा नळ मोकळा सोडून, पाणी नितळ होईपर्यंत तिथेच बसून राहिला. मी सोबत होतो. खाणींचा कैवार घेतलास, असे मी म्हणताच तो म्हणाला, "टाकीतला पाणी तांबडा आसता, तर धोंडो मियाच उचललो आसतो."

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी नळाचे पहिले पाणी माडाच्या आळ्यात सोडले, मग खुंटीवरचा पांढरा कोप काढून भरला, उजेडात धरून पाहिला, आणि मगच मला प्यायला दिला.

तुमच्याकडे पाणी तांबडे आले तर दोन पांढरी भांडी घ्या. एक टाकीवर भरा, एक नळावर. मी लिहिले म्हणून मानू नका; स्वतः पाहा.