पडत्या बाजूचे आतोबा

जिंकणाऱ्याच्या मागे सगळं जग असतं. हरणाऱ्याच्या मागे मात्र एकटे आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. निवडणुकीत ज्याचं डिपॉझिट जाणार, त्याला यांचं मत ठरलेलं. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात हे मुलीकडच्यांत जाऊन बसले आणि मानपानावरून स्वतःच्याच भावाशी भांडले. आत्या म्हणायची, "ह्यांनी मला पसंत केलं, तेसुद्धा मला सगळीकडून नकार येत होता म्हणून."

मूळचे मालवणकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला, उंची बेताची. असा माणूस कबड्डी खेळेल, पण ह्यांना वेड बास्केटबॉलचं. पहिली पाळी करून घाटकोपरला आले की चहा घेऊन तडक मैदानावर. वस्तीतल्या आम्हा लिंबूटिंबू पोरांची टीम त्यांनीच बांधली. "लीगमध्ये मोठी टीमच जिंकतली," ते सांगत, "बाद फेरीत तसा नाय. थंय एकच सांज काढूची असता." बॉल हातात आला की तीस सेकंदांत बास्केटवर मारायचा, असा नियम. मोठ्या टीमा तो झटपट मारून मोकळ्या होत. आम्ही मात्र तीसच्या तीस सेकंद खायचे, बॉल नुसता फिरवत राहायचं. "तेंका बसवन ठेवा. कंटाळले काय चिडतले, आणि चिडले काय मेले." एकदा एका बँकेचे सहाफुटी गडी आमच्यासमोर असे चिडले, की आपसांतच भांडायला लागले आणि हरले. आतोबांनी वस्तीभर जिलेबी वाटली, बँकवाल्यांनाही नेऊन दिली. त्यांनी ती खाल्ली की नाही, ठाऊक नाही.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. आतोबांच्या लेखी ही बाद फेरीच होती. घरी येईल त्या कामगाराला सांगायचे, "मालक म्हणजे मोठी टीम. घाई करू नुको. बसवन ठेवा." महिने गेले. शेजारचे एकेक करून गावी परतले. आत्या पोळीभाजीचे डबे करू लागली. एका दुपारी लाटता लाटता तिने विचारलं, "अहो, मॅचला शिट्टी असते. ह्याची कोण वाजवणार?" आतोबा चपला घालून बाहेर निघून गेले. मालकांना हवं तितकं थांबणं परवडत होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. मला अजून त्याचा राग येतो.

त्यानंतर आम्ही पुन्हा एकदा बाद फेरी गाठली. समोर तगडी टीम, सामना संपत आलेला, आम्ही एका गुणाने पुढे आणि बॉल आमच्याकडे. शिकवल्याप्रमाणे आम्ही तो फिरवत होतो. इतक्यात बाहेरून आतोबा ओरडले, "मार मेल्या, मार. वाट बघू नुको." आमच्या गड्याने गडबडीत मारला. बॉल रिंगला लागून परत आला, समोरच्यांनी तो पळवून बास्केट केली आणि आम्ही हरलो.

आतोबा बाकावर बसून होते. मी शेजारी टेकलो. म्हणाले, "धरून ठेवक होया होता. माका कळत होता. पण वाट बघूक आता भिती वाटता रे."

मैदान रिकामं होईपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.