छातीवर आडवे हात

नॉर्मन एसटीत तिकीट तपासनीस होता. गाडीत चढला की तिकीट हातात घ्यायच्या आधीच फुकट्या कोण ते तो ओळखायचा, असं खोपट डेपोत अजून सांगतात. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. नोकरी गेली, नजर काही गेली नाही. आता तो दर रविवारी चर्चच्या मागच्या दाराशी स्वयंसेवकाचा बिल्ला लावून उभा असतो आणि मिस्सेच्या प्रार्थनेला येणाऱ्या प्रत्येकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो.

या नजरेने एकदा घरचंच माणूस धरलं. नऊ वर्षांपूर्वी, आई वारल्यावर महिन्याने झालेल्या मिस्सेनंतर तिच्या सोन्याच्या कुड्या कपाटात सापडेनात. घर पाहुण्यांनी भरलेलं. नॉर्मन आपल्या धाकट्या बहिणीला, एमिलियाला म्हणाला, "पिशवी उघड." तिने उघडली. आत रुमाल, जपमाळ आणि गुडघेदुखीच्या गोळ्या. दुसरा कोणी असता तर शरमेने मेला असता. नॉर्मनने मनाशी ठरवलं की बाईने कुड्या दुसरीकडे दडवल्या. तेव्हापासून बोलणं बंद. रविवारी ती तिसऱ्या बाकावर, हा दाराशी. दोघंही एकाच फादरांच्या हातून कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायचे. मनात अढी ठेवून ती घेऊ नये म्हणतात, पण त्यात नॉर्मनला काही वावगं वाटत नव्हतं.

यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि शेवटच्या बाकावर एक नवा माणूस दिसू लागला. तिशीचा, दाढी वाढलेली, खांद्याला काळी बॅग. कम्युनियनच्या रांगेत तो सगळ्यांच्या शेवटी जायचा. मागून त्याची पाठच तेवढी दिसायची. पण परतताना नॉर्मनने दोन गोष्टी हेरल्या. एक, त्याचं तोंड हलत नव्हतं. दुसरी, हात छातीशी, शर्टाच्या खिशापाशी. म्हणजे पवित्र भाकर तोंडात गेली नाही. मग गेली कुठे?

नॉर्मनच्या अंगावर काटा आला. जादूटोण्यासाठी भाकर चोरून नेणाऱ्यांच्या गोष्टी त्याने लहानपणी ऐकल्या होत्या. तीन रविवार त्याने पाळत ठेवली. फादरांच्या कानावर घालावं, असं त्याच्या मनात आलंच नाही. मुद्देमालासकट पकडायची सवय जुनी.

चौथ्या रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याने फाटकात त्याला अडवलं.

"नाव काय?"

"डिनो."

"राहायला?"

"ठाकुर्ली."

"तिकडे चर्च नाहीत? इतक्या लांब कशाला?"

"आहेत ना. तिकडे माझा भाऊ येतो," डिनो म्हणाला.

हे उत्तर नॉर्मनला आणखीच खोटं वाटलं. "पिशवी उघड," तो म्हणाला. "भाकर कुठे ठेवलीस?"

डिनोने मुकाट्याने बॅग उघडली, शर्टाचा खिसाही उलटा करून दाखवला. पाण्याची बाटली, चार्जर, एक चुरगळलेला नॅपकिन.

"काका, मी घेतच नाही. हात असे धरतो." त्याने दोन्ही हात छातीवर आडवे धरले. "ज्याला घेता येत नाही त्याने असं यायचं, फादर नुसता आशीर्वाद देतात. पिऊन भावावर हात उचललेला मी. फादर म्हणतात, कन्फेशनला ये, पाप कबूल कर. जाणार आहे. पण आधी भावाशी बोलायचंय. तीनदा फोन लावला आणि कट केला."

"मग रांगेत कशाला येतोस? बसून राहा."

"बसून राहिलो की वाटतं, मला काही नकोच आहे. हवंय तर खूप, काका. भूक लागलेला माणूस पंगतीपासून लांब कसा बसेल?"

डिनो निघून गेला. नॉर्मन फाटकाशी तसाच उभा राहिला. आपण शेवटचे भुकेने रांगेत कधी गेलो होतो, हे त्याला आठवेना. त्याला आठवत होता तो आईचा महिना आणि पिशवी उघडणारे एमिलियाचे हात. इतकी वर्षं त्याने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या. त्याची स्वतःची कोणी मागितली नव्हती, आणि त्यानेही ती कधी उघडून पाहिली नव्हती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी रांगेत त्याचा नंबर आला. फादरांनी भाकर उचलली. नॉर्मनने हात छातीवर आडवे धरले. फादर क्षणभर थांबले, मग त्यांनी त्याच्या कपाळावर क्रूस काढला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तो रिकाम्या तोंडाने परत फिरला. सगळं चर्च बघत होतं. तिसरा बाकही बघत होता.

मिस्सा सुटली तेव्हा तो एमिलियाच्या वाटेत जाऊन उभा राहिला. त्याला समोर पाहताच एमिलियाचे हात आपोआप पर्सच्या चेनकडे गेले. तिने ती अर्धी उघडलीसुद्धा.

नॉर्मनला ते पाहवेना. त्याने तिचा हात धरला. "बंद कर ती, एमिली. तू काही घेतलं नव्हतंस. चुकलो मी."

तिने त्याच्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. अखेर भावाचीच बहीण ती.

"आज घेतलं का नाहीस?" तिने विचारलं.

"कुठल्या तोंडाने घेऊ?" तो म्हणाला. "पण भूक लागलीय गं."

तिने पर्सची चेन लावली. "घरी बोंबलाचं कालवण आहे," ती म्हणाली. "पण आधी आत जा. फादर अजून कन्फेशनला बसलेत. मी इथे थांबते."