उन्हात न दिसणारा जाळ

कोणावर काही लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करावं. पण नाशिकच्या आमच्या मेसच्या मावशींचे यजमान, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, यांच्याइतका काडीकचऱ्याला जीव लावणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल, एवढं सांगितल्यावाचून राहवत नाही.

सरकारी कचेरीत कारकुनी करणारे काका लग्नाला गेले तर नवरानवरीपेक्षा पत्रावळींकडे बघत. वाळल्यावर कशा जळतील याचा विचार करत. द्राक्षांच्या छाटणीत सायकलवर काड्यांचे भारे आणत आणि गच्चीवर मावशींचे पापड बाजूला सारून वाळत घालत. कारण एकच होतं. चुलीच्या धुराने मावशींचा खोकला वाढला होता, डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला बजावलं होतं, आणि गॅसचा नंबर लागायला वर्षं जात. तेव्हा काकांनी परसात तेलाच्या पिंपाची भट्टी केली. काड्या अपुऱ्या हवेत जाळायच्या, लाल निखाऱ्यांवर वाफ सोडायची, म्हणजे पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि बाकीच्या वायूबरोबर नळीतून शेगडीत येतो, हे ते आम्हाला आमटी वाढता वाढता समजावत. प्रत्यक्षात नळी धुरातल्या चिकट डांबराने तुंबे आणि परसभर धूर होई. मावशी खोकत विचारत, "अहो, धूर घालवताय की डास?"

एका रविवारी भर दुपारी काकांनी डांबर अडवायला नळीला काथ्या भरलेला डबा जोडला, शेगडीला काडी लावली, आणि काहीच दिसेना. काडी फुकट गेली म्हणून आम्ही हसलो. मावशींनी मात्र चिमट्यात पापड धरून शेगडीवर नेला. पापड फुलला. उन्हात ज्योत दिसत नव्हती, इतकंच.

"पेटलंय," मावशी म्हणाल्या. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळाने नळी पुन्हा तुंबली. शिवाय हा वायू बंद खोलीत जीव घेतो, म्हणून काकांनी शेगडी कधी स्वयंपाकघरात नेली नाही. चूल चालूच राहिली, खोकलाही.

शिक्षण संपवून मी नाशिक सोडलं. मावशींचं काय झालं, हे विचारायचा धीर होत नव्हता. परवा ओझरच्या स्टँडवर मेसमधला एक मित्र भेटला. मावशींना सिलिंडर मिळाला, खोकला बराच कमी झाला, म्हणाला. भट्टी मात्र अजून धुमसतेच. आता कशाला, असं त्याने काकांना विचारलं होतं.

"हिचं झालं रे," काका म्हणाले. "गल्लीतल्या बाकीच्या अजून खोकतायत."