नव्या गिटारीला जुने चटके

बेंजो पार्ट्यांची वाद्यं दुरुस्त करण्यात माझी निम्मी हयात देहूरोडला गेली. वरातीत बेंजो बंद पडला की नवरदेव घोड्यावर ताटकळायचा आणि बेंजोवाला माझ्या दुकानाकडे धावायचा. पुढे लोणावळ्यात राहायला आलो, तेव्हा औंढ्याकडच्या एका बंगलेवाल्या साहेबांनी मला वेगळ्याच कामाला लावलं.

साहेब पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. एका परदेशी रॉक वादकाचे ते भक्त. त्या वादकानं तरुणपणी भारी गिटार परवडत नाही म्हणून आपली साधी इलेक्ट्रिक गिटार घरीच खोलली आणि तारांचा आवाज उचलणारा जाडजूड पिकअप तिच्यात ठोकून बसवला. त्यासाठी पटाशीनं पाडलेला खड्डा वाकडा झाला, एक स्विच जोडायचा राहूनच गेला, आणि वाजवताना खुंट्यांजवळ तारांत सिगारेट खोचून ठेवायच्या सवयीनं गिटारीचं डोकं जागोजागी जळलं. साहेबांना डिट्टो तशी गिटार हवी होती.

"काका, खड्डा अजून थोडा वाकडा," ते फोटो धरून सांगायचे.

"साहेब, एवढं वाईट काम मी शिकाऊ असतानाही केलं नाही."

"ट्राय तर करा."

फोटोत पाठीवर एक पांढरी रेघ दिसत होती. ती कॅमेऱ्याच्या फ्लॅशची चमक आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. साहेबांनी बराच विचार केला. "रिस्क नको. ओरखडाच काढा."

मी सिगारेट ओढत नाही. म्हणून डोक्यावरचे चटके अगरबत्तीनं दिले. बायको दारात उभी राहून बघत होती. "बुद्धवंदनेला आणलेल्या अगरबत्त्या त्या गिटारीला डागायला? आणि पुसायचं सोडून डाग पाडून देतात का कुणी गिऱ्हाइकाला?" मी पुढची अगरबत्ती पेटवली.

गिटार बंगल्याच्या हॉलमध्ये दिव्यांखाली टांगली गेली. साहेबांना वाजवता येत नव्हती. शिवाय वाजवली तर तिच्यावर ओरखडे पडतील, अशी त्यांना भीती होती.

पुढे साहेब कामासाठी परदेशी गेले आणि परतल्यावर एका शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला. "काका, आत्ताच्या आत्ता या." आवाज असा, की घरात कुणी गेलं असावं.

जाऊन बघतो तर भिंतीवर लालभडक, आरशासारखी गुळगुळीत गिटार. खड्डा सरळ, चौकोनी. चटके गायब. साहेब सोफ्यावर डोकं धरून बसलेले आणि बंगला सांभाळणारे आबा हात जोडून उभे.

"काय झालं, आबा?"

"भाऊ, साहेब गेल्यावर झाडलोट करताना नीट बघितली. लय नासलेली. म्हनलं, पार्टीत कुनीतरी शिग्रेटी इझवल्या असत्याल तिच्यावर. साहेब आलं की मलाच धरत्याल. म्हून टेम्पो रंगवनाऱ्याकडं घेऊन गेलतो. त्यानं लांबी भरून वाकडा खड्डा सरळ केला, डाग बुजवलं, रंग मारला. त्यो बंद स्विचबी चालू करून दिला."

"चालू केला!" साहेब कळवळले. "काका, सगळी वाट लागली. दुपारी माझा ग्रुप येतोय. काही करता येईल?"

मी गिटार हातात घेतली. खोटं कशाला बोलू, काम फर्स्टक्लास होतं. पण एका सकाळीत एवढं चांगलं काम बिघडवणं मला शक्य नव्हतं.

दुपारी ग्रुप आला. सगळे त्याच वादकाचे भक्त, सगळ्यांच्या अंगात त्याच्याच चित्राचे काळे टी-शर्ट. त्यांच्यात दाढीवाले एक जाणकार होते. त्यांचा शब्द ग्रुपमध्ये शेवटचा. ते गिटारीपुढे बराच वेळ उभे राहिले. साहेबांना घाम फुटलेला. मी आबांच्या शेजारी उभा.

"ओ माय गॉड," दाढीवाले पुटपुटले. "ही त्यानं खोलायच्या आधीची आहे. अगदी पहिल्या दिवसाची. अशी कोणाकडेच नाही!" नंतर ठोकलेला जाडजूड पिकअप तिच्यात तसाच होता, पण तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग छाती फुगवली. "हो ना. चटकेवाली काय, कोणीही बनवून घेतो."

साहेबांनी कारागीर म्हणून मला पुढे केलं आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी मला 'पहिल्या दिवसाची' गिटार बनवायला सांगितलं. काहींना दोन्ही हव्या होत्या, आधीची आणि नंतरची. आबांना वाटलं, आता आपलंही कौतुक होईल. पण पाहुणे गेल्यावर साहेब त्यांच्यावर कडाडले, "यापुढे हॉलमधल्या कशालाही हात लावायचा नाही!" आबांनी ते तंतोतंत पाळलं. पुढच्या खेपेला गेलो तर हॉलभर जळमटं. "आमी हात लावनार न्हाई, भाऊ. साहेबांनीच सांगितलंय," ते थंडपणे म्हणाले. पण मान फिरवून त्यांनी डोळे टिपले, तेव्हा मला साहेबांचा राग आला. मी ते साहेबांच्या कानावर घातलं. "आबा ना? ओव्हरसेन्सिटिव्ह आहेत," एवढंच ते बोलले.

कामाचा रेटा वाढला तसा मी त्या टेम्पो रंगवणाऱ्याला गाठलं आणि भागीदारीत घेतलं. हात मोठा सफाईचा. पहिल्या दिवसाच्या गिटारी तो एकटा पार पाडतो. चटकेवाली असली की रंग त्याचा आणि नासधूस माझी. त्याच्या चकचकीत रंगावर घासायला मी सायकलची साखळी उचलली, की तो "चहा घेऊन येतो" म्हणतो आणि बाहेर पडतो. काम उरकून मी हाक मारल्याशिवाय काही तो परत येत नाही.